विनंती केली की आक्षेप घेतला?

माझ्या माहेरच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत चार वर्षांपूर्वीची एक ओळ आहे. "फ्लॅट नं. ३०२ यांनी लिफ्टबाबत विनंती केली, चेअरमन यांनी लक्ष घालण्याचे आश्वासन दिले." बस एवढीच. वाचणाऱ्याला वाटेल, वा, मागितलं आणि देतो म्हणाले. पण मी त्या दिवशी तिथे होते, दादाच्या बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि दादाने विनंती बिनंती काही केली नव्हती. त्याने विचारलं होतं की तुलना करायला लिफ्टची बाकीची दोन कोटेशनं कुठे आहेत.

३०२ म्हणजे माझा दादा, वय वर्षं ४१. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, हातपाय त्याचं ऐकत नाहीत, तोंडातून आवाज निघतो पण त्यातले शब्द आम्हा घरच्यांनाच कळतात आणि ते पण सगळे नाही. मुक्त विद्यापीठातून रायटर घेऊन बीकॉम केलंय आणि एका सीएकडे घरून टॅलीच्या एंट्र्या करतो, त्यामुळे कोटेशन म्हणजे काय आणि एकच कोटेशन म्हणजे काय हे त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. बोलतो टॅबवरून. व्हीलचेअरला आमच्या डोंबिवलीतल्याच एका फॅब्रिकेटरने लोखंडी दांडा वेल्ड करून दिलाय, त्यावर टॅब, टॅबवर भोकं पाडलेली ॲक्रिलिकची प्लेट, म्हणजे हात घसरला तरी भलतंच बटण दाबलं जात नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर त्या भोकात घालून तो एकेक अक्षर दाबतो, मग टॅब ते वाचून दाखवतो.

या सगळ्याला एएसी म्हणतात, ऑगमेंटेटिव्ह अँड ऑल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन. नाव भारदस्त आहे पण त्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं पण येतात, डोळे वर केले की हो खाली केले की नाही हे पण येतं आणि लाखांच्या घरातली बोलणारी यंत्रं पण येतात. आपण साधारण मिनिटाला सव्वाशे दीडशे शब्द बोलतो. दादा चांगल्या दिवशी पाच. दमला असेल तर तीन.

तर ती सभा. लिफ्ट चार महिने बंद होती, दादाला तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीसकट माझ्या नवऱ्याने आणि वॉचमनने उचलून खाली पार्किंगमध्ये आणलेला. विषय आला नवीन लिफ्टचा, चेअरमन म्हणाले साडेबारा लाखाचं कोटेशन आलंय, कमिटीने बघितलंय, मंजूर करून टाकू. दादाने लिहायला सुरुवात केली. अर्धा मिनिट झाला असेल, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं, ते लक्ष म्हणजे कसं तर लग्नात लहान मूल नाचायला लागलं की बघतात ना तसं. चेअरमन उठून आले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो रे बाळा, लिफ्ट ना, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं." एक्केचाळीशीच्या माणसाला बाळा. (तेव्हा सदतिशीचा होता, पण तरी.) टाळ्या पण वाजल्या दोन चार. आणि पुढचा विषय सुरू झाला, गणपतीची वर्गणी. वर्गणी पाचशे की सातशे यावर भांडण रंगात आलेलं असताना टॅबमधून आवाज आला, "लिफ्टची बाकीची दोन कोटेशन कुठे आहेत". लोक हसले. वाईट हेतूने नाही हसले, खरंच हसू येण्यासारखंच टायमिंग होतं. पण दादा नाही हसला. आणि वहीत ती ओळ तशी गेली.

आता इथे चेअरमनना शिव्या घालून मी मोकळी होऊ शकले असते आणि तेव्हा झालेही. पण रात्री वर आल्यावर दादाने मला लिहून दाखवलं, "तू पण तेच केलंस." झालं असं होतं की त्याने लिफ्ट हा शब्द लिहिल्या लिहिल्या मीच चेअरमनकडे बघून म्हणलं होतं, "त्याला लिफ्टबद्दल बोलायचंय." म्हणजे वाक्य मीच तोडलं. मीच त्याचा आक्षेप उचलून विनंतीच्या खणात टाकला. आणि हे मी लहानपणापासून करत आलेय, दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे, नातेवाइकांत, मला वाटायचं मी किती मदत करते. त्याची बहीण म्हणून मिरवायचे पण.

नंतर मी घरातलं जुनं सामान काढताना तो पुठ्ठा सापडला. दादा सात आठ वर्षांचा असताना आईने आणि स्पीच थेरपीच्या बाईंनी मिळून बनवलेला, कॅलेंडरची चित्रं कापून खळीने चिकटवलेला, वर प्लास्टिक. पाणी. भूक. शू. शी. दुखतंय. झोप. टीव्ही. आई. बाबा. देवबाप्पा. सोळा चित्रं. मी ते किती वेळ बघत बसले होते. सगळे मागायचे शब्द. दहा वर्षं या मुलाकडे जगाला सांगण्यासारखं एवढंच होतं की मला हे द्या, मला ते द्या. थांबा नाही. का नाही. खोटं बोलतोयस नाही. मला मान्य नाही तर नाहीच नाही. देवबाप्पा होता पण "का" नव्हता. आईची चूक नव्हती, तिला जे सांगितलं ते तिने रात्री जागून केलं, तेव्हा सगळीकडे असंच शिकवायचे की आधी गरजा, मग बाकीचं. आणि ते बाकीचं बऱ्याच मुलांच्या आयुष्यात येतच नाही.

मला वाटतं की एएसी वापरणाऱ्या माणसाने पुढारी व्हावं, कमिटीत बसावं, चार लोकांना कामाला लावावं असं आपल्याला खरंच वाटत असेल तर ते या पुठ्ठ्यापासून सुरू होतं. पुढारी कोण असतो, जो नाही म्हणतो, जो मध्येच थांबवतो, जो हिशोब मागतो. ज्याच्या बोर्डवर फक्त पाणी आणि शू आहे त्याला तुम्ही नंतर कितीही लीडरशिपचे वर्कशॉप द्या. आपल्या आयआयटी मुंबईच्या डिझाइन स्कूलवाल्यांनी केलेलं जेलो नावाचं ॲप आहे, फुकट आहे, मराठीतही आहे, त्यात चित्रांच्या बाजूला सहा बटणं कायम असतात, आवडतं, आवडत नाही, हो, नाही, अजून, कमी. मला त्या बटणांसाठीच ते ॲप आवडतं. "आवडत नाही" कायम हाताशी. लहान मुलाला वरणभात आवडत नाही म्हणायची सोय असेल तर मोठेपणी त्याला कोटेशन आवडत नाही म्हणता येईल ना. चेन्नईत विद्यासागर संस्थेतल्या मुलांबरोबर काम करून अजित नारायणनने 'आवाज' नावाचं बोलणारं यंत्र बनवलं, ते पण असंच इथल्या मुलांसाठी, कारण तोपर्यंत बाहेरून मागवायचं म्हणजे घर गहाण. दादा आता साधा कीबोर्डच वापरतो कारण त्याला वाचता लिहिता येतं, पण सुरुवातीला ही खालची वाक्यं आम्ही एकेका बटणावर सेव्ह करून दिली. कुठली ते त्यानेच ठरवलं.

थांबा, माझं लिहून झालेलं नाही.
मला मान्य नाही.
हे इतिवृत्तात घ्या.
हिशोब दाखवा.

(पाचवं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, डोंबिवली लोकलमध्ये शिकलेलं आहे.)

एक गंमत सांगते. आमच्या टॅबमधला मराठी आवाज बाईचा आहे. दाढीवाला दादा आणि आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा, "मी उद्या येतो". सोसायटीतली पोरं खिदळायची. इंग्रजीत हा प्रॉब्लेम नाही, आय एम कमिंग, विषय संपला. मराठीत येतो, येते, आलो, आले, क्रियापदातच मिशा असतात. दादाने मग वाक्यंच अशी शोधून काढली ज्यात लिंग येत नाही. "मी मानत नाही" चालतं, "मला मान्य नाही" तर फारच चालतं, "मी सुचवतो" च्या जागी "माझी सूचना अशी की". ऐकायला तो आता कुठल्याही मंत्रालयातल्या माणसापेक्षा जास्त सरकारी वाटतो, आणि त्याचा फायदाच झाला. लोक दचकून ऐकतात.

दादाबद्दल कुणालाही सांगितलं की समोरचा शंभर टक्के म्हणतो, "अरे, स्टीफन हॉकिंगसारखं!" प्रेमानेच म्हणतात. पण एकदा नीट बघा. हॉकिंगचा आवाज गेला १९८५ साली, न्यूमोनियात गळ्याला छेद द्यावा लागला म्हणून. त्याआधी १९७९ पासून तो केंब्रिजला ल्युकेशियन प्रोफेसर होता, न्यूटनची खुर्ची ती. म्हणजे जगाने त्याला आधीच मोठा मानलं होतं आणि मग त्याचा आवाज गेला, म्हणून जग थांबलं. शेवटी शेवटी गालाच्या एका स्नायूने मिनिटाला एखाद दोन शब्द, लेक्चर आधी लिहून ठेवलेलं असायचं, आणि प्रश्न विचारला की उत्तरासाठी अख्खा हॉल चूप बसून राहायचा. कुणी म्हणालं का वेळ नाहीये, पुढचा विषय घ्या? दादाच्या बाबतीत उलटं आहे. आधी मोठा हो, मग थांबतो. आणि थांबल्याशिवाय मोठा होणार कसा. हॉकिंगचं उदाहरण देणाऱ्यांना मी आता एवढंच म्हणते की त्याचं यंत्र आठवतं तुम्हाला, तो चूप बसलेला हॉल पण आठवा.

त्यापेक्षा मला जवळचं उदाहरण मालिनी चिबचं वाटतं. मुंबईचीच बाई, तिलाही सेरेब्रल पाल्सी. तिच्या आईने, मिथू अलूर यांनी, १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, तिचंच नाव आता अडॅप्ट. मालिनी झेवियर्समधून बीए झाली, लंडनला जाऊन दोन दोन एमए केले, करंगळीने एकेक अक्षर टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. ती लाइटरायटर नावाचं यंत्र वापरायची, त्याला दोन स्क्रीन असतात, एक लिहिणाऱ्याकडे आणि एक समोरच्याकडे. मला ही कल्पना फार आवडते, कारण समोरच्याला दिसतं की लिहिणं चालू आहे, वाक्य अर्धं आहे, तो निघून जात नाही. पण मला मालिनीबद्दल लिहायचंय ते वेगळ्याच कारणासाठी. आई इतकी मोठी संस्था चालवतेय, आपण पोस्टरवर आहोतच, तिथे आरामात राहता आलं असतं. तसं न करता तिने तिथेच अपंग लोकांचा स्वतःचा हक्कांसाठी लढणारा गट उभा केला, अडॅप्ट राइट्स ग्रुप, आणि त्याची पहिली अध्यक्ष झाली. म्हणजे पालकांच्या संस्थेच्या आत मुलांची स्वतःची युनियन. हे वाक्य आमच्यासारख्या पालक भावंडांना टोचतं आणि टोचावंच. आपल्याकडच्या किती संस्थांच्या विश्वस्त मंडळात स्वतः एएसी वापरणारा माणूस बसलेला तुम्ही पाहिलाय? स्टेजवर पाहिला असेल. शाल श्रीफळ घेताना पाहिला असेल, तीन डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला. मग सत्कार झाला की त्याला गाडीत बसवतात आणि बाकीचे मीटिंगला बसतात.

दादाला पण एका कॉलेजने बोलावलं होतं, "प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व". त्याने आठवडाभर भाषण लिहिलं, बारा मिनिटांचं. तिथे गेल्यावर म्हणाले वेळ कमी आहे, दोनच मिनिटं, आणि मग ताईंनी म्हणजे मी त्याच्या संघर्षाबद्दल बोलावं. दादाने टॅब बंद करून टाकला. मी पण नाही बोलले. फार अवघडल्यासारखं झालं, आयोजकांची पण चूक म्हणावी तर त्यांना काही माहीतच नव्हतं. रिक्षात दादाने लिहिलं, "प्रेरणा फुकट मिळते म्हणून बोलावतात. मानधन विचार पुढच्या वेळी." तेव्हापासून विचारते. निम्मे फोन तिथेच बंद होतात.

मीटिंगपर्यंत पोचणं हाच वेगळा विषय आहे. कोलकात्याच्या जीजा घोष, स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या, या चळवळीतलं मोठं नाव. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या गोव्याला निघाल्या होत्या, याच अडॅप्टने तिथे भरवलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला. विमानात सीटवर बसल्यावर त्यांना उतरवलं. अपंगांच्या हक्कांवर बोलायला निघालेल्या बाईला. त्या कोर्टात गेल्या, २०१६ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षाच्या शेवटी नवा दिव्यांग हक्क कायदा झाला, आणि त्यात संवाद म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तिच्यात ब्रेल, खुणांची भाषा याबरोबर हे आमचं ऑगमेंटेटिव्ह अँड ऑल्टरनेटिव्ह पण लिहिलेलं आहे. म्हणजे दादाचा टॅब हा कायद्याने संवाद आहे, बिचाऱ्याचं खेळणं नाही. दादाने ते कलम सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, त्यावर सहा जणांनी हात जोडले आणि एकाने गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

पण हसू नका, व्हॉट्सॲपनेच खरं काम केलं. लिफ्टच्या त्या सभेनंतर दादाने ग्रुपवर लिहायला सुरुवात केली. तिथे कुणाला दिसत नाही की या चार ओळींना तास लागलाय. रात्री अकराला मेसेज यायचा, स्वच्छ, मुद्देसूद, वहीखात्याच्या भाषेत: मागच्या वर्षीच्या लिफ्टच्या एएमसीचे (म्हणजे देखभालीच्या वार्षिक कराराचे) पैसे कशावर खर्च झाले, सिंकिंग फंडातून (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशातून) किती काढणार, बाकीची कोटेशनं कधी येणार. पहिल्या मजल्यावरचे एक रिटायर्ड बँकवाले काका, जे आयुष्यात कधी दादाशी एक शब्द बोलले नव्हते (मला विचारायचे, "याला चहा चालतो का?"), त्यांनी उत्तर दिलं, "३०२ यांचा मुद्दा रास्त आहे." मग चौथ्यावरच्या काकूंनी. पंधरा दिवसांत तीन कोटेशनं आली आणि त्यातलं एक साडेनऊ लाखांचं होतं. पहिल्याच माणसाने मग आपलं पण खाली आणलं, ते जाऊ दे.

हे झाल्यावर लोकांना दादा दिसायला लागला, पण सभेत परत तेच, मिनिटाला पाच शब्द. तेव्हा आम्ही बसून विचार केला, म्हणजे दादाने केला आणि मी चहा केला. आपल्याकडे सोसायटीच्या एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, विषयपत्रिकेसकट. हे १४ दिवस इतर लोक नोटीस न वाचण्यात घालवतात. दादाने म्हणलं हेच माझं भांडवल. प्रत्येक विषयावरचं त्याचं म्हणणं आणि समोरून काय काय येऊ शकतं त्याची उत्तरं आधीच टाइप करून सेव्ह. ब्रिटनमध्ये ली रिडली नावाचा कॉमेडियन आहे, बोलता येत नाही, आयपॅडवरून विनोद सांगतो, २०१८ मध्ये तिथली सगळ्यात गाजलेली टॅलेंट स्पर्धा जिंकला. तो पण असंच करतो, विनोद आधी भरलेले, टायमिंग मात्र जिवंत. दादा म्हणतो त्याचं माझं एकच आहे, फक्त माझ्या विनोदाला कुणी हसत नाही कारण तो ताळेबंदाबद्दल असतो.

अडचण "ऐनवेळच्या विषयां"ची. ज्याने कुणी हा शब्द काढला त्याला एएसीवाला माणूस माहीत नव्हता. सगळी खरी मारामारी ऐनवेळच्या विषयांत होते आणि तिथे वेग लागतो. त्यावर तोडगा असा निघाला की एखादा विषय ऐनवेळी आलाच तर चर्चा होईल पण निर्णय तिथे नाही, लेखी मतं मागवून मग. हे दादासाठी म्हणून मागितलं, पण ज्यांना मराठी सभेत पटकन बोलता येत नाही असे दोन तमिळ कुटुंबवाले आणि सभेत तोंडच न उघडणाऱ्या सगळ्या बायका, यांनीच आधी हात वर केले. मला तेव्हा कळलं की घाईचा फायदा नेमका कुणाला असतो.

दुसरा नियम माझ्यासाठी होता. मी बाजूला बसायचं, स्क्रीनवर असेल तेच मोठ्याने वाचायचं, तेही दादाने डोळे वर केले तर. "म्हणजे त्याला असं म्हणायचंय की" हे शब्द मला बंद. शब्द अर्धा असताना ओळखला तरी गप्प. तुम्हाला सांगते, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. तो "पाण्याच्या टा" पर्यंत आलेला असतो, मला माहितीये की टाकीच, पार्किंगमधल्या चाळीस लोकांना माहितीये की टाकीच, आणि तरी बसून राहायचं. दोन मिनिटं शांतता म्हणजे किती असते हे तुम्हाला लोकांच्या पायांवरून कळतं. पहिल्या तीस सेकंदात पाय हलायला लागतात, मग मोबाइल निघतात, मग कुणीतरी खोकतं, मग बाळाला उगाच उचलून घेतात. आणि दीड मिनिटानंतर एक वेगळीच गोष्ट होते, लोक शांत होतात. खरंच होतात. आणि मग जेव्हा आवाज येतो, "पाण्याच्या टाकीचं झाकण तीन महिने तुटलेलं आहे, कुणी पाहिलं का", तेव्हा ते वाक्य इतकं जड पडतं. टाकीच होती. पण झाकण कुणाला माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरी पुण्याला मुलाकडे गेले आणि पद रिकामं झालं. कुणालाच नको असतं ते, फुकटची हमाली आणि वर शिव्या. बँकवाल्या काकांनी दादाचं नाव सुचवलं, चौथ्यावरच्या काकूंनी अनुमोदन दिलं, बिनविरोध. आई रडली, आनंदाने नाही, काळजीने. नातेवाईक म्हणाले सही कोण करणार. अंगठा आहे ना. बाबांनी जाताना फ्लॅट दादाच्या एकट्याच्या नावावर केला होता, तेव्हा पण हेच लोक म्हणाले होते की बहिणीला गार्डियन करा, नाहीतर उद्या कुणी लुबाडेल. बाबा म्हणाले होते लुबाडलं तर तो केस करेल. गेले बिचारे, पण काय वाक्य बोलून गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते आणि हे दादाला विचारूनच लिहितेय. पहिल्याच वर्षी त्याने एक घोळ केला. टाकी साफ करणाऱ्याला सगळे पैसे आधी देऊन टाकले आणि तो माणूस परत आलाच नाही. सात हजार गेले. हे जर आधीच्या सेक्रेटरीने केलं असतं तर ग्रुपवर रामायण झालं असतं. दादाने स्वतः सांगितलं तर काय आले मेसेज, "होतं असं", "इतकं करतोयस तेच खूप आहे", हात जोडलेले इमोजी. एकाने तर म्हणलं ते सात हजार आपण वर्गणी काढून भरू. दादा तीन दिवस कुणाशी बोलला नाही, माझ्याशी पण नाही, टॅब उघडलाच नाही. मग सभेत म्हणाला, "माझी चूक आहे. वसूल कशी करायची ते विचारा. ओरडा तरी." शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा आमचा समोरचाच शेजारी, ज्याच्याशी आमचं पार्किंगवरून जुनं वैर आहे, तो उठून तावातावाने बोलला, निष्काळजीपणा आहे, अशाने सोसायटी चालत नाही, खुलासा द्या. दादाचा चेहरा इतका खुलला. परत येताना लिहिलं, "पहिल्यांदा सेक्रेटरी झालो असं वाटलं." बायकी आवाजात. त्या शेजाऱ्याशी आता बरं चाललंय आमचं, पार्किंग सोडून.

माया कमी करा असं म्हणणं कसंतरीच वाटतं, पण माया खुर्ची देते आणि अधिकार काढून घेते, हे मी बघितलंय. अमेरिकेत बॉब विल्यम्स नावाचे गृहस्थ आहेत, सेरेब्रल पाल्सी, यंत्रावरून बोलणारे, त्यांना १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने विकासात्मक अपंगत्वाच्या अख्ख्या खात्याचं कमिशनर केलं. कमिशनर म्हणजे फायली, बजेट, लोकांची नाराजी. तिथे कुणी बाळा म्हणत बसलं तर काम कसं होईल. नंतर २०१९ मध्ये त्यांनी कम्युनिकेशनफर्स्ट नावाची संस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला, बोलता न येणाऱ्यांच्या नागरी हक्कांसाठी. मी दादाला त्यांच्याबद्दल सांगितलं तर त्याने विचारलं त्यांच्या हाताखाली किती माणसं होती. मला माहीत नव्हतं. "तेच तर विचारायचं असतं," म्हणाला.

दादाचा एक मित्र आहे साताऱ्याकडचा, ऑनलाइन ओळख, त्याच्याकडे टॅब पण नाही, साध्या फोनवर लिहितो आणि गावातलं नेट गेलं की कागदावर. दिव्यांगांसाठी ग्रामपंचायतीने जो ५ टक्के निधी ठेवायचा असतो तो गेल्या वर्षी कशावर खर्च झाला हे विचारायला तो ग्रामसभेत जातो. प्रश्न आधीच छापून नेतो आणि सरपंचांच्या हातात नाही देत, ग्रामसेवकाच्या देतो, पोच घेऊन. पोच घ्यायचं दादाने शिकवलं. दोघं रात्री अकरा ते एक गप्पा मारतात, दोघंही पाच शब्दवाले, त्यामुळे कुणालाच घाई नाही. मी एकदा विचारलं एवढं काय बोलता. दादा म्हणाला, "तुझ्याशी बोलताना मी सारांश देतो. त्याच्याशी बोलतो." मला थोडं लागलं ते. पण खरंय, त्याला बहिणीपेक्षा असा एखादा मित्र वीस वर्षं आधी मिळायला हवा होता.

परवा सप्टेंबरात एजीएम झाली, तीस तारखेच्या आत घ्यावी लागते म्हणून दर वर्षीसारखी शेवटच्या रविवारी. लिफ्टने दादा एकटा खाली आला, मी मागून जिन्याने. कोरम नव्हता म्हणून अर्धा तास थांबलो, वडापाव आले. चेअरमन तेच आहेत, आता साठी उलटली, गुडघे गेलेत, लिफ्ट सगळ्यात जास्त तेच वापरतात. साडेबाराला त्यांना कुठेतरी जेवायला जायचं होतं, विषय सातवा चालू, दादा लिहीत होता, ते म्हणाले, "सेक्रेटरी, जरा लवकर आटपू या का?" दादाने पहिलं बटण दाबलं. थांबा, माझं लिहून झालेलं नाही. ते बसले.

इतिवृत्त आता दादाच लिहितो. मला रात्री बघायला पाठवलं, शुद्धलेखनासाठी. विषय सातच्या खाली ओळ होती, "सभा लवकर संपवण्याबाबत चेअरमन यांनी विनंती केली. सेक्रेटरी यांनी लक्ष घालण्याचे आश्वासन दिले." मी म्हणलं दादा हे काढ रे, बरं नाही दिसत. त्याने चौथं नाही, पाचवं बटण दाबलं.